गोल्साच्या रक्तातला उलटा टाका

विणलेला स्वेटर उसवताना लोकरीचा आवाज कधी कान देऊन ऐकलाय का तुम्ही? बारीक, कुरतडल्यासारखा आवाज. एकेक टाका सुटत जातो आणि कुणीतरी महिनाभर बसून केलेलं काम बघता बघता जमिनीवर गोळा होतं. माझ्या कामाला आवाज असता, तर तो तसाच आला असता. फरक इतकाच, की मी एका हाताने उसवते आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने विणते.

मी विणकरीण बोलतेय. हाडामांसाची नाही. एका विषाणूच्या पोटात राहणारी, डोळ्यांना न दिसणारी. शास्त्राची पुस्तकं मला विकर, म्हणजे एन्झाइम म्हणतात, उलटी नक्कल करणारं विकर. उलटी कशी, ते सांगते.

प्रत्येक जिवाच्या पेशीत एक दुपदरी धागा असतो, डीएनए. पेशीला काही काम करायचं असलं की त्या दुपदरी धाग्यावरून ती एक एकपदरी धागा उतरवून घेते, आरएनए, आणि त्याच्या नमुन्याप्रमाणे काम होतं. दुपदरीवरून एकपदरी, ही साऱ्या जगाची रीत. माझ्या विषाणूजवळ मात्र फक्त एकपदरी धागा असतो. मी त्या एकपदरी धाग्यावरून दुपदरी विणते. सगळे सुलट टाके घालत असताना मी एकटी उलट विणत बसते. माझं सारं पाप आणि सारी कला त्या उलट्या टाक्यात आहे.

माझा पहिला जन्म कुठे झाला, मला ठाऊक नाही. आइसलँडमध्ये मी आले ती बोटीतून, काळ्या कुरळ्या लोकरीच्या परदेशी एडक्यांच्या अंगातून. त्या एडक्यांची कातडी मोलाची, म्हणून हौसेने आणलेले. दिसायला धडधाकट, डोळे स्वच्छ, चाल डौलदार. त्यांच्या रक्तात कोण बसलंय हे कुणी कसं ओळखावं?

हिवाळा आला आणि मेंढ्या मातीगवताच्या गोठ्यांत कोंडल्या गेल्या. बाहेर छपरापर्यंत बर्फ. आत दार बंद, एकच गव्हाण आणि तिच्यावर ओळीने टेकलेली तोंडं. एकीने सोडलेला श्वास दुसरी ओढून घेत होती. ऊब टिकावी म्हणून त्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच गोठे बांधले. मला याहून सोयीचं घर कुणी बांधून दिलं नसतं.

हामार नावाच्या शेतावर एक मेंढी व्याली. तिच्या दुधात मी होते. कोकरू झालं ते पाठीवर पांढरं आणि पोटाखाली काळं. अशा रंगाच्या मेंढीला तिथे गोल्सा म्हणतात, म्हणून तेच तिचं नाव पडलं. कोकरू धडपडत उठलं, आईला लुचलं, आणि पहिल्याच घोटाबरोबर मी गोल्साच्या पोटात गेले.

आता मी काय केलं ते लपवत नाही.

गोल्साच्या रक्तात रखवालदार पेशी फिरत होत्या. परकं कुणी दिसलं की गिळायचं, हे त्यांचं काम. आम्ही नेमक्या त्यांच्याच दारी गेलो. विषाणूचं कवच फुटलं, मी आत पडले, आणि धागा हातात घेतला. पहिला टाका घालायला एक तुकडा लागतो. तो मी मागच्या घरातून, जे घर लुटून आले होते तिथूनच, उचलून आणलेला होता. त्यावर विणायला लागले. जुन्या धाग्यावर नवा पदर चढत गेला आणि जिथून माझा हात पुढे सरकला तिथला जुना धागा मी मागच्या मागे कुरतडून टाकला. ज्याच्या अंगावरून मी विणते, त्याचीच चिंधी करते. तो धागाच माझा बाप म्हणायचा. तो फाडून झाला की उरलेल्या नव्या पदराला जोडीचा दुसरा पदर घालते. दुपदरी धागा तयार.

मग माझी सोबतीण पुढे येते. तिच्या हातात कात्री असते. ती पेशीचा स्वतःचा धागा मधोमध कापते, आमचा तुकडा त्यात घालते आणि टोकं जुळवून घेते. त्यानंतर कुठला टाका घरचा आणि कुठला चोराचा, हे पेशीलाही कळत नाही. पेशी दुभंगून दोन झाल्या की आमचेही दोन होतात. मी विणताना चुकाही फार करते. केलेलं परत तपासून बघायची सवयच नाही मला. पण त्या चुकाच मला वाचवतात, कारण अंगाचं रक्षण करणारे माझा चेहरा ओळखायला शिकेपर्यंत माझा चेहरा बदललेला असतो.

आणि मग मी गप्प बसते. वर्षानुवर्षं.

मला कान नाहीत. माणसांचं जे ऐकलं ते गोल्साच्या कानांनी ऐकलं.

हामारचा मालक थोर्लाकुर. माणसांत अबोल, रुंद खांद्यांचा, पण गोल्साच्या कानाशी घरातलं-दारातलं सगळं बोलणारा. त्याची बायको इंगुन्न, दिवसभर तोंड आणि सुया दोन्ही चालू. नदीपलीकडच्या शेतावर इंगुन्नचा भाऊ आस्ग्रीमुर, एकटा जीव, मेंढ्यांवर पोटच्या पोरांसारखा जीव टाकणारा. त्यांच्या बोलण्यात मेंढ्यांखेरीज दुसरा विषय नसे.

गोल्सा मोठी झाली ती म्होरकी होऊन. त्या देशात म्होरक्या मेंढ्यांचं कूळच वेगळं. अंगाने सडसडीत, पायाने लांब, डोक्याने शहाणी. वादळ येणार असलं तर ती सकाळी गोठ्याच्या दारातून पाऊल बाहेर टाकत नाही, आणि मग मालकही टाकत नाही. गोल्साच्या गळ्यात थोर्लाकुरने पितळी घंटा बांधली होती. एकदा पठारावर तो कळपासकट हिमवादळात सापडला. स्वतःचा हात दिसेना. त्याने गोल्साच्या शिंगाला धरलं आणि डोळे मिटले. तिने वाऱ्यात तोंड घातलं, नाल्यांच्या कडेकडेने, एकदाही न अडखळता, सगळा कळप आणि मालक गोठ्याच्या दारात आणून उभा केला. त्या रात्री तो तिच्या मानेला मिठी मारून गोठ्यातच झोपला.

मी तेव्हाही तिच्या रक्तात होते.

हळूहळू खोऱ्यात मेंढ्या मरायला लागल्या. आधी वाळायच्या, मग धापा टाकायच्या. नाकपुड्या फाकलेल्या, मान पुढे ताणलेली, पोटाचा भाता वरखाली. गोठ्यात शिरलं की सगळीकडून तोच फसफसणारा श्वास. मेल्यावर उघडलं तर फुप्फुसं दगडासारखी जड. लोकांनी आजाराला नाव दिलं माइदी. त्यांच्या भाषेत माइदी म्हणजे धाप. नाव चटकन सगळ्यांच्या तोंडी बसलं, आणि तिथेच माझं फावलं.

कारण नाव धापेचं, म्हणून सगळे धापच शोधायला लागले. पानगळीच्या दिवसांत पठारावरून कळप खाली आणले की आस्ग्रीमुर आणि थोर्लाकुर सगळ्या मेंढ्या हामारमागच्या उभ्या चढणीवर पिटाळायचे. कुत्री मागे, शिट्ट्या, आरोळ्या. जी मेंढी मध्येच थांबून तोंड उघडेल तिला तिथेच पाडायचं. आस्ग्रीमुर गुडघ्याखाली मान दाबायचा, थोर्लाकुर सुरी फिरवायचा. चढणीवरचं गवत लाल व्हायचं आणि मागून येणाऱ्या मेंढ्या त्यावर घसरायच्या.

एकदा आस्ग्रीमुर हाताचं रक्त विजारीला पुसत हसला. "इंगुन्नला पण पळवून बघ एकदा चढणीवर. तिलाही धाप लागेल."

"आणि तुला लागली तर?" इंगुन्न खालून ओरडली. "सुरी धुवायला माझ्याकडेच येते, लक्षात ठेव!"

त्या सगळ्या धावाधावीत टेकडीच्या माथ्यावर सर्वांत आधी पोचायची ती गोल्सा. घंटा खणखणत. वर जाऊन खाली बघत उभी राहायची, तोंड मिटलेलं.

"बघ तिला," थोर्लाकुर म्हणायचा. "लोखंड आहे लोखंड."

मी आतून ऐकत होते. मला तेव्हा तिच्या फुप्फुसात जायचंच नव्हतं.

त्याच सुमारास हामारच्या दोन मेंढ्यांना वेगळंच काहीतरी झालं. मागचा पाय टाकताना खूर आत मुडपायचा, ओठ थरथरायचे. काही महिन्यांत त्यांची मागची बाजू लुळी पडली आणि त्या डोळे उघडे ठेवून, बसल्या जागी, सुकून मेल्या.

"ही माइदी नव्हे," आस्ग्रीमुरने निकाल दिला. "धाप कुठाय? ही विस्ना."

विस्ना म्हणजे कोमेजणं. झालं, दुसरं नाव, म्हणून दुसरा आजार. दोन्ही मेंढ्यांना आतून एकाच विणकरणीने उसवलं होतं हे त्या खोऱ्यात कुणाच्या मनातही आलं नाही.

मोठं युद्ध संपलं, आणि त्यानंतरच्या एका पानगळीत रेडिओवरून सांगण्यात आलं. आजाराचा मुलूख वेगळा काढायला सरकारने तारेचं कुंपण घातलं होतं, त्याच्या अलीकडची प्रत्येक मेंढी मारायची. आजारी असो वा धडधाकट, एकही ठेवायची नाही. वर्षभर जमीन मोकळी राहील. मग पश्चिमेच्या निरोगी भागातून सगळ्यांना नवी कोकरं मिळतील.

"एकसुद्धा नाही?" थोर्लाकुरने विचारलं.

आस्ग्रीमुर खडीसाखरेचा खडा दातात धरून कॉफी पीत होता. त्याने कप खाली ठेवला. "एक जरी राहिली तरी सगळं पाण्यात. नवी कोकरंही मग मारायची, आणि ते मला दुसऱ्यांदा जमायचं नाही. एकदा जमेल की नाही तेच माहीत नाही."

तो दिवस मी गोल्साच्या कानांनी दुरून ऐकला, आणि उरलेला थोर्लाकुरने नंतर तिला सांगितला तेव्हा. दगडी मेंढवाड्यात दोन्ही शेतांचे कळप कोंडले होते. बंदुका पहाटे सुरू झाल्या त्या सूर्य कलेपर्यंत थांबल्या नाहीत. मेंढ्या एकमेकींवर चढत होत्या, भिंतीवर डोकं आपटत होत्या, पडलेल्यांना तुडवत होत्या. बायका रक्ताची घमेली घेऊन बसल्या होत्या. तिथे मेंढी कापली की रक्त साठवतात, गोठू नये म्हणून हाताने ढवळत राहतात आणि पिठात कालवून हिवाळ्यासाठी शिजवून ठेवतात. इंगुन्न कोपरापर्यंत लाल हाताने ढवळत होती. दुपारी तिची सगळी भांडी भरली. मग तिने हात थांबवला आणि रक्त तसंच जमिनीवर वाहू दिलं. हिवाळ्याचं अन्न तिने आयुष्यात पहिल्यांदा असं वाहून जाऊ दिलं असेल.

आस्ग्रीमुरने आपल्या मेंढ्या दुसऱ्या कुणाला मारू दिल्या नाहीत. एकेकीला नावाने हाक मारली, आणि नावाने हाक मारली की मेंढी जवळ येते, हे त्याला माहीत होतं. शेवटी त्याचा लाडका एडका उरला. तो त्याच्या खिशातली भाकरी हुंगत असताना त्याने चाप ओढला. मग भिंतीला टेकून ओकला.

तोंड पुसत त्याने विचारलं, "गोल्सा कुठाय?"

"ओढ्यात पडली," थोर्लाकुर म्हणाला. "मान मोडली. पुरून टाकली."

आस्ग्रीमुरने त्याच्याकडे बघितलं. आणखी विचारायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

गोल्सा वर पठारावर, एका ओसाड शेतावरच्या पडक्या घरात होती. घंटा कापडाने बांधलेली.

खोरं मुकं झालं. कुत्री दारात पडून राहायची. थोर्लाकुर रोज काही ना काही निमित्त काढून पठारावर जायचा.

"तुझ्या कोटाला गवताचा वास येतो," एकदा इंगुन्न विणताविणता म्हणाली. "आणि आपल्याकडे एक मेंढी नाही."

"गायीचा वास असेल."

"गायीचा वास मला कळतो, थोर्लाकुर."

 तिने सुया खाली ठेवल्या.

"आस्ग्रीमुरला कळलं तर तुझा जीव घेईल. आणि मी त्याला अडवणार नाही."

"तिला धाप लागत नाही, इंगुन्न. एकदाही लागली नाही. निरोगी जनावर मारायचं? तिने मला घरी आणलं, मी तिला मेंढवाड्यात नेऊन उभी करू?"

 दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा इंगुन्नने भाकरीचा एक तुकडा जास्त बांधून दिला. तो तुकडा गोल्साने खाल्ला. मी साक्षीला होते.

वर्ष सरलं. नवी कोकरं उद्या बोटीने येणार, अशी बातमी आली. त्याच दिवशी दुपारी पठारावरच्या कुंपणाच्या तारेला अडकलेली पांढरी, ताजी लोकर आस्ग्रीमुरला सापडली. वर्षभरापूर्वीची लोकर अशी नसते. तो बंदूक घेऊन सरळ पडक्या घराकडे आला. थोर्लाकुर तिथेच होता.

"ओढ्यात पडली काय? मान मोडली काय?" आस्ग्रीमुरने बंदूक वर केली. "मी माझ्या पोरांना नावाने हाका मारून मारलं, आणि तू हिला भाकरी चारतोस?"

"बंदूक खाली ठेव, मेहुण्या."

"तुला मेहुणा कुणी केलं त्या बाईलाच शिव्या घालायला हव्यात!"

त्याने बंदुकीचा दस्ता थोर्लाकुरच्या तोंडावर हाणला. दात तुटला. थोर्लाकुरने त्याला कमरेत धरून दगडावर आपटलं. म्हातारपणाकडे झुकलेली दोन माणसं चिखलात लोळत एकमेकांचा गळा दाबत होती, आणि गोल्सा कोपऱ्यात भिंतीला अंग घासत उभी होती. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की मी सगळीकडे हिंदकळत होते.

मागून इंगुन्नचा आवाज आला. भावाला बंदूक घेऊन चढताना बघून धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती.

"मारा! मारा एकमेकांना! उद्या कोकरं उतरतील तेव्हा त्यांना न्यायला दोन मढी जातील!"

दोघे सुटले. आस्ग्रीमुरने तोंडातलं रक्त थुंकलं.

"पळव तिला," थोर्लाकुर म्हणाला. तुटलेल्या दातामुळे शब्द फुसकत होते. "चढणीवर पळव. धाप लागली तर तूच मार. मी हात लावणार नाही."

"वर्षभर बसून खाल्लंय तिने. लागणारच."

त्यांनी तिला पडक्या घरामागच्या उतारावर पिटाळलं. गोल्साने एक झेप घेतली आणि निघाली. सैल झालेलं कापड गळून पडलं आणि वर्षभराने घंटा वाजली. दगडांवरून, भिजल्या शेवाळावरून, ती माथ्यावर जाऊन उभी राहिली. आस्ग्रीमुर मागोमाग चढला. तिच्या बरगड्यांवर हात ठेवला, तिच्या नाकाशी कान नेला, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"नाही," तो खाली येऊन म्हणाला.  "धाप नाही. आई शपथ, नाही." त्याने बंदूक खांद्याला अडकवली. "ठेव तुझी म्होरकी. मी काही बघितलं नाही. इंगुन्न, चल, तुझ्या नवऱ्याच्या तोंडाला काहीतरी लाव."

दोघं भावंडं उताराने निघाली.

थोर्लाकुरने गोल्साला हाक मारली. ती खाली यायला लागली. तिच्या ओळखीचाच उतार. पण खाली येताना तिचा मागचा डावा खूर आत मुडपला. ती सावरली. पुन्हा मुडपला. जवळ येऊन तिने त्याच्या हाताला नाक लावलं तेव्हा तिचे ओठ बारीक थरथरत होते.

ते मी केलं होतं. मी तिच्या फुप्फुसात गेले नव्हते. मी तिच्या मेंदूत विणत बसले होते.

थोर्लाकुर तिच्या ओठांकडे बघत राहिला. भावंडांची पाठ वळली होती. या खुरात काय दिसलं हे त्याच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि कुणी विचारणारही नव्हतं. धाप नव्हती. आस्ग्रीमुरने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. त्याने फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं तर त्याला जन्मभर साधलं होतं.

मला तेव्हा त्याच्या गप्प बसण्याची आस लागली होती, हे खोटं कशाला बोलू? उद्या इतकी कोवळी तोंडं येणार होती. एक हिवाळा, एक बंद गोठा, एक गव्हाण. मला एवढंच पुरलं असतं.

"आस्ग्रीमुर," त्याने हाक मारली. "थांब."

आस्ग्रीमुर वळला.

"पाय बघ तिचा."

आस्ग्रीमुर परत आला. गोल्साला चार पावलं चालवलं. "ही विस्ना," तो हळूच म्हणाला. "माइदी नाही ही. वेगळी गोष्ट आहे, थोर्लाकुर."

"असेल. मला नाही माहीत." त्याने गोल्साच्या गळ्यातली घंटा सोडवली आणि खिशात घातली. "पण हे पण माझ्याच गोठ्यातून आलंय. उद्या त्याच गोठ्यात मी पोरं कोंडणार आहे. नाव काहीही असू दे."

आस्ग्रीमुरने बंदूक पुढे केली, मग मागे घेतली. "मी करू?"

"तुझ्याकडे ती येणार नाही."

थोर्लाकुरने त्याच्या हातातली बंदूक घेतली आणि डाव्या हातात तिचं शिंग धरलं, वादळात धरलं होतं तसंच. डोळे मात्र मिटले नाहीत. गोळीचा आवाज पठारावर घुमला. गोल्सा गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. पाय थोडा वेळ चालत राहिले. इंगुन्नने या वेळी रक्त धरलं नाही.

गोल्सा गेली आणि तिच्यातली मी गेले. तिच्या मेंदूचा एक तुकडा मात्र आस्ग्रीमुरने गुरांच्या डॉक्टरकडे पोचवला. तिथून तो आणखी पुढे गेला. आज मी एका काचेच्या नळीत, कायमच्या थंडीत गोठून पडले आहे. पुढे फार वर्षांनी शिकलेल्या माणसांनी माझे उलटे टाके ओळखले, आणि दोन नावांचा तो एकच आजार होता हेही. त्या देशातून मला खरवडून काढलं गेलं. माझ्या जातीची एक विणकरीण माणसांच्या रक्तात शिरली. तिचे हात विणताविणता धरून ठेवणारी औषधं आता निघाली आहेत. आणि काही जणींना तर तुम्ही प्रयोगशाळांत नोकरीला ठेवलंय. आजाऱ्याच्या नमुन्यातला एकपदरी धागा त्या दुपदरी करून देतात आणि त्यावरून डॉक्टरांना रोग सापडतो.

माझी नळी कधी हातात आली तर फोडू नका, एवढंच मागते. मी बदललेली नाही. मी अजून विणू शकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट आली. कोकरं धक्क्यावर उतरली आणि एकमेकांना चिकटून उभी राहिली, कारण त्यांना वाट माहीत नव्हती. थोर्लाकुरने खिशातून घंटा काढली, हातात धरली आणि वाजवत पुढे चालू लागला. कोकरं त्याच्यामागे गेली.